कण्यातली कळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)

दुखण्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, ते मी एकदा वहीत उतरवून काढले होते. हेतू कवितेचा होता. दाढ ठणकते, गळू ठसठसते, डोळा चुरचुरतो, जखम झोंबते, पोटात कळ येते, पोटरीत गोळा येतो. एकट्या पाठीचे शब्द निराळेच. उसण भरते, चमक निघते, सणक जाते, कंबर धरते, पाठ भरून येते. लिहिता लिहिता दोन पाने भरली. पुढे वाचनात आले, की हे काम हजार वर्षांपूर्वी इब्न सीना या हकीमाने केलेले आहे. ‘अल-कानून’ या आपल्या वैद्यकग्रंथात त्याने वेदनेचे पंधरा प्रकार मोजले. टोचणारी, दाबणारी, फाडणारी, जड अशी त्यांची प्रतवारी केली. १९७५ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी तेच काम नव्याने हाती घेतले. रुग्ण आपल्या दुखण्याविषयी जे शब्द वापरतात ते गोळा करून त्यांनी ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली आणि ती जगभरच्या दवाखान्यांत गेली.

या शब्दांचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे. कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला म्हणजे जी वेदना होते, तिच्यावरच्या उपचारांचा हा इतिहास आहे. त्यातही मोठी चिरफाड न करता एका सुईच्या वाटेने होणाऱ्या उपचारांचा. पालघर, बोईसर, तारापूर या आमच्या पट्ट्यात हा विषय चारचौघांत कोणी काढत नाही. घरात असा रुग्ण असला तर दार लोटून घेण्याची रीत आहे. म्हणून तो रेडिओसाठी निवडला. रेडिओ लोटलेल्या दाराआडही ऐकू जातो.

प्रथम मणकाच का, ते पाहू. स्तन, प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड या ठिकाणचे कर्करोग पसरताना हाडांत जातात आणि हाडांपैकी त्यांचा सर्वांत आवडता मुक्काम म्हणजे पाठीचा कणा. ही गोष्ट डॉक्टरांना फार दिवस माहीत होती, पण कारण सापडत नव्हते. प्रोस्टेट कुठे आणि पाठीचा मणका कुठे! १९४० साली फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी याचा माग काढला. मृतदेहात प्रोस्टेटजवळच्या शिरेत त्यांनी एक द्रव सोडला आणि तो कुठे जातो ते क्ष-किरणांनी पाहिले. तो थेट ओटीपोटाच्या हाडांत आणि कण्याभोवतीच्या शिरांत जाऊन बसला. या शिरांचे जाळे कण्याच्या आजूबाजूने वर डोक्यापर्यंत जाते आणि त्यांना झडपा नसतात. हातापायांच्या शिरांत रक्त उलटे फिरू नये म्हणून झडपा असतात, इथे ती सोय नाही. माणूस खोकला, कुंथला, त्याने ओझे उचलले, की पोटातला दाब वाढतो आणि रक्त या जाळ्यात ढकलले जाते. त्याबरोबर रोगाच्या पेशीही. मज्जेतला भरपूर रक्तपुरवठा आणि तिथले रसायन या पेशींना मानवते, हे पुढे उलगडत गेले. पण बॅटसन यांनी दाखवलेली वाट आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

पेशी मणक्यात स्थिरावल्या की हाड आतून पोखरले जाते. वाळवी लागलेला वासा बाहेरून धड दिसतो, तसे. मग दुखणे तीन तऱ्हांचे होते आणि इथे आपले शब्द कामी येतात. रात्री, पडल्यापडल्या, खोल आत ठणका लागतो; तो गाठीचा आणि तिच्याभोवतीच्या सुजेचा. उठताना, कूस बदलताना, पाऊल टाकताना एकदम जीवघेणी कळ येते आणि स्थिर पडून राहिले की ती ओसरते; ती मोडकळीला आलेल्या मणक्याची. आणि कमरेतून पायात सणक जाते, आग होते, मुंग्या येतात. ते दबलेल्या मज्जातंतूचे. तिन्ही दुखण्यांचे औषध वेगवेगळे. २०१० साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मणका किती डळमळीत झाला आहे हे ठरवण्यासाठी शून्य ते अठरा गुणांची एक पट्टी तयार केली. त्यात छायाचित्रांतून दिसणाऱ्या बाबींबरोबर एक बाब रुग्णाच्या तोंडून ऐकायची आहे: हालचालीने कळ वाढते का आणि आडवे झाल्यावर कमी होते का? एवढ्या यंत्रांच्या गर्दीत या एका प्रश्नाला जागा ठेवली आहे, याचे मला अप्रूप वाटते. नाहीतर रुग्णालयांत सगळीकडे ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते’ एवढेच विचारतात. ‘सात’ असे उत्तर मिळते. सात म्हणजे ठणका की सणक, ते त्या आकड्यात उरत नाही.

आता घिवलीकडे येतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राला लागून असलेले हे मच्छीमारांचे गाव. शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी उठली. घिवली जागेवर राहिली. अशा गावात पाठदुखी ही काही बातमी नसते. पुरुषांची पाठ जाळी ओढून आणि बायकांची पाठ टोपल्या वाहून दुखते, आणि दुखते म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. तेल लावून चोळतात, पाठीवर पाय देऊन घेतात, हाडवैद्याकडे जाऊन मणका ‘बसवून’ आणतात. पोखरलेल्या मणक्यावर असा जोर दिला, तर तो तिथेच बसकण मारतो. ज्याला पूर्वी कधी कर्करोग होऊन गेला आहे, त्याच्या नव्या पाठदुखीला हात लावण्याआधी फोटो काढलाच पाहिजे, हे मी इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे विसरायला नको.

घिवलीच्या एक मावशी आमच्या दारावर मासळी घेऊन येत. त्यांचे नाव सांगत नाही. छातीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सात वर्षे झाली होती, त्या पुन्हा टोपली घेऊन फिरत होत्या. मग येणे बंद झाले. चौकशीला गेलो तर त्या खाटेवर उताण्या आणि हलायला तयार नाहीत. ‘मास्तर, पडून हाय तवर मी राणी,’ त्या म्हणाल्या, ‘उठायचा नाव काढला का कोण तरी मधोमध सुरी घालतो.’ मी शिक्षक नाही, पण कविता लिहितो म्हणून त्या मला मास्तर म्हणत. जवळच्या एका डॉक्टरांनी जुने कागद पाहून मुलाला बाजूला घेतले होते आणि सांगितले होते, की आता काही करता येणार नाही, घरीच सांभाळा. मुलगा आईपुढे काही बोलला नव्हता. आई सगळे समजून होती.

‘बरे होणार नाही’ आणि ‘काही करता येणार नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा या विषयाचा इतिहास म्हणजे त्या दोन वाक्यांना एकमेकांपासून सोडवण्याची खटपट आहे.

ती सुरू होते अफूपासून. जर्मनीतल्या सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुई आणि पिचकारी जोडून ते नेमके दुखऱ्या जागी टोचायला सुरुवात केली. म्हणजे इंजेक्शनची सुई जन्माला आली तीच मुळात वेदनेसाठी. पटकीच्या लसी तिच्यातून पुढे गेल्या. वुड यांची समजूत होती, की औषध जिथे टोचले तिथेच काम करते. ती चुकीची होती, औषध रक्तातून सगळीकडे जाते. पण ‘दुखते तिथे पोहोचायचे’ ही त्यांची इच्छा पुढच्या पिढ्यांनी सोडली नाही.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला रेडियम. कर्करोगावर किरणांचा मारा सुरू झाला आणि लवकरच ध्यानात आले, की गाठ गेली नाही तरी हाडाचे दुखणे पुष्कळदा कमी होते. आपल्याकडे याची कथा मुंबईच्या परळमध्ये घडते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. सर दोराबजींच्या मनात तशा उपचारांची सोय भारतात करण्याचे होते. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी ते काम चालू ठेवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे गेला. त्याच विभागाचे देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आमच्या तारापूरला सुरू झाले. एकाच खात्याची दोन दारे. एक आमच्या समुद्राला लागून, दुसरे परळला. घिवलीच्या लोकांना पहिल्याची भीती आणि दुसऱ्याचा आधार. केंद्रामुळे आजार होतात का, हा प्रश्न मला गावात हटकून विचारतात. तो या भाषणाचा विषय नव्हे आणि कवीने त्याचे उत्तर देऊही नये.

पण एक गैरसमज दूर करतो. तारापूरच्या भट्ट्या विजेच्या आहेत, औषधाच्या नाहीत. औषधी किरणद्रव्ये तयार करण्याचे काम तुर्भ्याला होते. हाडांच्या कर्करोगी वेदनेवर दिले जाणारे समेरियम-१५३ तिथल्या ध्रुव अणुभट्टीत तयार झालेले आहे. शिरेतून एक इंजेक्शन देतात. द्रव्य हाडे शोधत जाते आणि जिथे रोग आहे तिथे जास्त साठते. ज्याचे एकाच वेळी दहा ठिकाणी दुखते, त्याला याचा उपयोग. एका-दोन मणक्यांसाठी बाहेरून दिलेले किरण बरे. पूर्वी त्यासाठी दोन-तीन आठवडे रोज रुग्णालयात जावे लागे. १९९९ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या दोन मोठ्या पाहण्यांनी दाखवले, की एकाच बैठकीत ८ ग्रे एवढी मात्रा दिली तरी वेदना तितकीच शमते. शंभरातल्या साधारण साठ जणांना गुण येतो. काहींना पुन्हा एकदा किरण द्यावे लागतात, हे खरे. पण घिवलीहून परळला दहा वेळा जाणे आणि एकदा जाणे यातला फरक ज्याने तो रस्ता केला आहे त्यालाच कळेल. घिवली ते बोईसर रिक्षा, मग शंभरेक किलोमीटर रेल्वे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून गाड्या वाढल्या, गर्दीही वाढली. मणका मोडलेल्या माणसाला रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला कळ येते. लंडन किंवा ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आमचे खड्डे डोळ्यांपुढे ठेवून ती पाहणी केली नव्हती, तरी तिचा सर्वांत मोठा फायदा आमच्यासारख्यांना आहे.

किरणांचा गुण यायला मात्र काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. आणि ठणका गेला तरी मोडलेला मणका किरणांनी सांधला जात नाही. मग दुसरी वाट शोधणे आले. एक वाट होती वेदनेची तारच तोडण्याची. वेदनेचा निरोप पाठीच्या कण्यातल्या ज्या पट्ट्यातून मेंदूकडे जातो तो पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया फिलाडेल्फियाच्या स्पिलर आणि मार्टिन यांनी १९१२ साली प्रसिद्ध केली. पाठ उघडून, हाड काढून. खंगलेल्या रुग्णाला ती झेपणे कठीण. १९६३ साली शिकागोच्या शॉन मलन यांनी पाठ न उघडता, मानेजवळून बारीक सुई आत नेऊन तोच पट्टा निकामी केला. सुईच्या टोकाला काय होते? स्ट्रॉन्शियम-९०. युरेनियम फुटले की जे अवशेष उरतात त्यांतले हे एक. तारापूरच्या वापरलेल्या इंधनातही ते असते आणि त्याच्या नावाने लोक धास्तावतात. त्याचा एक कण सुईच्या टोकाला लावून त्यांनी माणसाची वेदना बंद केली. दोन वर्षांत स्ट्रॉन्शियमची जागा विजेच्या लहरींनी घेतली, कारण किरणांपेक्षा त्यांचा अंमल हाताळायला सोपा. आज ही पद्धत फार थोड्या ठिकाणी उरली आहे. एकाच बाजूच्या, दुसऱ्या कशानेच न थांबणाऱ्या वेदनेसाठी ती अजून वापरतात.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आणखी एक वाट काढली. कर्करोगामुळे पाठ आणि पाय असह्य दुखत असलेल्या आठ रुग्णांना त्यांनी मॉर्फिन कण्याभोवतीच्या पाण्यात सोडले. अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे तोंडाने घेतल्या जाणाऱ्या मात्रेच्या मानाने नगण्यच. बहुतेकांना कित्येक तास आराम पडला. सव्वाशे वर्षांपूर्वी वुड यांनी जे मनात धरले होते, ‘दुखते तिथे पोहोचायचे’, ते इथे खरे झाले.

आणि मग १९८४. फ्रान्समध्ये आमियाँ नावाचे जुने गाव आहे. तिथल्या रुग्णालयात एक बाई मानेच्या असह्य दुखण्याने आली. तिच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती आणि मणका पोकळ झाला होता. मज्जाशल्यविशारद पिएर गालिबेर आणि क्ष-किरणतज्ज्ञ एर्वे दरामाँ यांनी सुईतून त्या पोकळीत हाडाचे सिमेंट भरले. दुखणे थांबले. १९८७ साली त्यांनी आपला अनुभव छापला आणि लवकरच कर्करोगाने पोखरलेल्या मणक्यांवर तोच प्रयोग सुरू झाला. तिची ती गाठ कर्करोगाची नव्हती. पण पोकळ मणक्याला आतून टेकू देता येतो, एवढे तिने सिद्ध केले.

हे सिमेंट आपल्या घरबांधणीचे नव्हे. ते ॲक्रिलिक. विमानांच्या खिडक्यांना आणि दुकानांच्या पाट्यांना जे पारदर्शक प्लास्टिक लागते, त्याच्याच कुळातले. दातांच्या डॉक्टरांनी ते आधी वापरले, मग इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून खुब्याचा कृत्रिम सांधा बसवायला. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले, की थोडा वेळ ते दात घासण्याच्या पेस्टसारखे असते आणि पाऊण-एक तासाच्या आत दगड होते. क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात बेरियमची भुकटी मिसळतात. रुग्णाला पालथे झोपवतात. जागा बधिर करतात, गुंगी देतात. पडद्यावर मणक्याचे चित्र पाहत पाहत पाठीतून जाड सुई मणक्याच्या मागच्या खांबातून पुढच्या भागात नेतात आणि चमचाभर सिमेंट हळूहळू भरतात. एवढेच. टाके नाहीत म्हटले तरी चालेल. पुष्कळ जणांना एक-दोन दिवसांत उठून बसता येते. १९९८ पासून याचीच एक सुधारलेली रीत आली. तीत आधी एक फुगा फुगवून बसलेल्या मणक्यात जागा करतात आणि मग सिमेंट भरतात. गाठ मोठी असेल तर त्याआधी सुईच्या टोकाशी विजेच्या लहरींनी उष्णता निर्माण करून ती आतच भाजून काढतात, किंवा गोठवतात. टाटा रुग्णालयात हे उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे.

इतके ऐकल्यावर कुणालाही वाटेल, की हा जादूचा प्रयोग आहे. तसे नाही आणि इतिहासात त्याचीही नोंद आहे. म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, त्यांच्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस सिमेंटचा सपाटा सुरू झाला होता. २००९ साली ऑस्ट्रेलियातून आणि अमेरिकेतून दोन पाहण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. अर्ध्या रुग्णांना सिमेंट भरले, उरलेल्यांना नुसते भरल्याचे सोंग केले: जागा बधिर केली, सिमेंटचा वास येऊ दिला, पाठीवर दाब दिला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला! वैद्यकात मोठा गदारोळ झाला. पण ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते. कर्करोगाने दबलेल्या मणक्यांच्या १३४ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये छापून आली; तीत फुग्याची रीत वापरलेल्यांची वेदना आणि परावलंबन महिन्याभरात न वापरलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाले होते. त्यात सोंगाचा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. शिवाय पोखरलेल्या मणक्यातून सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका असतो. ते मज्जारज्जूकडे गेले तर पाय जाऊ शकतात, शिरेतून फुप्फुसात गेले तर श्वास अडतो. म्हणून मणक्याची मागची भिंत फुटली असेल, तर फार विचार करावा लागतो. आणि सिमेंट रोग बरा करत नाही. बाकीच्या हाडांत तो आपल्या गतीने चालूच राहतो.

मावशींना एकच मणका फार त्रास देत होता आणि त्यांची ती ‘सुरी’ हालचालीची होती. मुंबईत त्यांची चित्रे काढली, तज्ज्ञांनी त्यांना आपले दुखणे त्यांच्या शब्दांत सांगायला लावले. मुलगा मध्ये बोलू लागला तर त्याला थांबवले. सिमेंट भरले, नंतर एका बैठकीत किरण दिले. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीला धरून चालल्या. पुढे दहा महिने मिळाले. टोपली पुन्हा डोक्यावर आली नाही. पण अंगणात खुर्चीवर बसून सोडे निवडता आले, नातीच्या साखरपुड्याला उभे राहता आले. शेवटचे काही आठवडे मॉर्फिनच्या गोळ्यांवर गेले आणि त्या मिळवायला मुलाला जी धावपळ करावी लागली, ती या इतिहासाची दुसरी बाजू आहे.

ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, त्या देशात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची इतकी जंत्री लावली, की औषधांच्या दुकानांनी ते ठेवणेच सोडले. लगेच पुढच्या, १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधे द्यावीत आणि सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फिन असावे, असे सांगितले. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना ही देशातली पहिली शुश्रूषागृहाची संस्था सुरू झाली, संस्थापक डॉ. लुईस डिसूझा हे टाटाचेच शल्यविशारद. कायदा मात्र सुधारायला २०१४ उजाडले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. कागदावर वाट मोकळी झाली. डॉक्टरांच्या आणि दुकानदारांच्या मनातली भीती तेवढ्या वेगाने जात नाही.

भीती घराघरांतही आहे. माझ्या समाजातले वडीलधारे विचारतात, मॉर्फिन म्हणजे अफूच ना, मग ती नशा हराम नाही का? दवा म्हणून, गरजेपुरती, तज्ज्ञाच्या हाताने दिलेली चीज वेगळी, असे उलेमा सांगतात; तरी म्हातारी माणसे दात घट्ट मिटून घेतात. सब्र कर, म्हणतात, दुखण्याने गुनाह धुतले जातात. घिवलीच्या घरांत हेच ‘भोग’ या शब्दाने सांगतात. भोग सरले म्हणजे सुटशील. दोन धर्मांचे दोन शब्द, आणि खाटेवरच्या बाईच्या पदरी दोन्हीकडून तेच येते. आम्ही कवी मंडळीही यात सामील आहोत. उर्दूत काय, मराठीत काय, दर्द हा आम्ही दागिन्यासारखा मिरवला. ज्याचा मणका पोखरला आहे, त्याला दर्दाचे कौतुक नसते. त्याला कूस बदलायची असते.

आता थोडे व्यवहाराचे. कर्करोग झालेल्या माणसाची पाठ दुखू लागली आणि त्याबरोबर पायांतली शक्ती कमी होऊ लागली, चालताना पाय लटपटू लागले, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मज्जारज्जू दबतो आहे असे समजावे. मग उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तातडीने औषध, किरण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करून पाय वाचवता येतात. अशा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आणि किरण मिळून नुसत्या किरणांपेक्षा अधिक जण चालते राहतात, हे २००५ सालच्या एका पाहणीने दाखवले. पाय पूर्ण गेल्यावर मात्र ते परत येणे अवघड. वाहनात नेताना रुग्णाला बसवू नये, फळीवर किंवा कडक गादीवर सरळ झोपवून न्यावे.

आणि जाताना जुने कागद न्यावेत. शस्त्रक्रियेचा अहवाल, गाठीच्या तपासणीचा कागद, मागच्या किरणांची नोंद. आमच्याकडे बरे वाटले की लोक हे कागद जाळतात, घरात पीडा नको म्हणून. कोणत्या मणक्याला पूर्वी किती किरण मिळाले आहेत हे कळल्याशिवाय डॉक्टरांना पुन्हा मात्रा ठरवता येत नाही. मावशींच्या मुलाने ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जाळ्यांच्या दोरांखाली ठेवले होते. सात वर्षांत थोडा ओलावा लागला होता, कोपरे गेले होते, पण वाचता येत होते.